शल्य की सळई

आमच्या पाठीच्या कण्यात सहा स्क्रू आणि दोन सळ्या आहेत. ही गोष्ट ज्याला कळते तो बहुधा पहिला प्रश्न एकच विचारतो : "रॉड कधी काढणार?" काढणार आहात का, असे कोणी विचारीत नाही, प्रश्न फक्त मुहूर्ताचा असतो. महाविद्यालयातले सहकारी, गावाकडचे चुलते, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, या सर्वांनी जणू गृहीतच धरले आहे की शरीरात गेलेली वस्तू कधीतरी बाहेर यायची असते. या गृहीतकाशी गेले चौदा महिने आमचे जे भांडण चालले आहे, त्याची ही हकीकत. भांडण निम्मे वैद्यकाचे आहे आणि निम्मे शब्दांचे. आणि शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला दुसरे निम्मे टाळता येत नाही.

अपघाताबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. बसच्या अगदी शेवटच्या बाकावर बसलो होतो. हा बाक मागच्या चाकांच्याही मागे असल्यामुळे गतिरोधकावर सर्वांत उंच उडतो तो तोच. आम्ही उडालो आणि बसल्या स्थितीत परत आदळलो, एवढेच. असे रुग्ण आपल्याकडच्या अस्थितज्ज्ञांना नवे नाहीत. फुटला तो कमरेचा पहिला मणका. बरगड्यांच्या पिंजऱ्याने छातीचा कणा ताठ धरून ठेवलेला असतो, कमरेचा कणा लवचिक असतो. ताठ आणि लवचिक जिथे भेटतात त्या सांध्यावर आघात गोळा होतो, म्हणून कण्याची सर्वाधिक मोडतोड याच दोन-चार मणक्यांत होते. मज्जारज्जूला इजा झाली नाही. फुटलेल्या मणक्यात दोन, वरच्यात दोन, खालच्यात दोन असे स्क्रू पाठीवरच्या लहान छेदांतून बसवण्यात आले आणि दोन्ही बाजूंना एकेका सळईने ते जोडले गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही उभे राहिलो. पन्नास-साठ वर्षांपूर्वी याच दुखापतीसाठी महिनोन् महिने अंथरुणाला खिळून राहावे लागत असे. पॅरिसच्या रेमों रॉय-कामीय यांनी मणक्याच्या मागच्या अंगाच्या अरुंद देठातून पुढपर्यंत स्क्रू नेण्याची रीत १९६३ मध्ये वापरली, तिचे आम्ही लाभार्थी आहोत. तेव्हा या धातूबद्दल कृतघ्नपणे लिहिण्याचा अधिकार आम्हांस नाही, हे आधीच मान्य करून ठेवतो.

जाता जाता एक. निबंधकाराच्या 'आम्ही'ला मराठीत मोठी परंपरा आहे आणि तिची टिंगलही पुष्कळ झाली आहे. एकट्या माणसाने स्वतःला अनेकवचनी का संबोधावे, या प्रश्नाचे आमचे उत्तर आता एक्स-रेच्या फिल्मवर आहे.

लोक म्हणतात, "रॉड टाकलाय." मराठीचे हे क्रियापद मोठे चमत्कारिक आहे. भाजीत मीठ टाकतात ते आत घालण्यासाठी, आणि कचरा टाकतात तो बाहेर घालवण्यासाठी. टाकलेली बायको आणि टाकलेला रॉड यांत क्रियापद एकच. आत घालणे आणि सोडून देणे या दोन्ही क्रिया एकाच शब्दात नांदत असतील, तर 'टाकलेला' रॉड आज ना उद्या 'टाकून' द्यायचा, असे कानाला आपोआप वाटत असेल काय? हे कदाचित अतिवाचन असेल. पण पुढचा शब्द घेतला की संशय बळावतो.

तो शब्द म्हणजे शल्य. सर्जरीला आपण शल्यचिकित्सा म्हणतो, सर्जनला शल्यविशारद, आणि शल्य म्हणजे काय याचा विचार न करता म्हणतो. शल्य म्हणजे शरीरात रुतलेले बाणाचे टोक, काटा, कुसळ. प्राचीन वैद्यांच्या या शाखेला नावच मुळी रुतलेली वस्तू काढून टाकण्याच्या कामावरून पडले. काढणे हे या विद्येचे आद्य कर्तव्य. आत काही ठेवून येणे तिच्या नावाच्याच विरुद्ध. म्हणजे आमच्या डॉक्टरांनी जे केले त्याला व्युत्पत्तीच्या दृष्टीने शल्यचिकित्सा नव्हे, शल्यारोपण म्हटले पाहिजे. आणि हाच शब्द प्राकृतातून झिजत मराठीत आला तो 'सल' होऊन. मनातला सल. जो दिसत नाही, जो मारीत नाही, पण कूस बदलताना टोचतो तो. तत्सम रूप शरीरातले आणि तद्भव रूप मनातले, अशी वाटणी भाषेने करून टाकली आहे. हा वारसा घेऊन कोणी कण्यातल्या स्क्रूंकडे पाहिले, तर "कधी काढणार?" याखेरीज दुसरा प्रश्न त्याला सुचणार तरी कसा?

परंतु ज्या ग्रंथाच्या बळावर हा संस्कार उभा आहे असे आम्हांस वाटत होते, तो ग्रंथ उघडल्यावर चित्र बदलले. आमच्या संस्कृतच्या मॅडमनी स्टाफरूममध्ये एकदा सहज म्हटले, "सर, काढायच्या आधी सुश्रुत वाचा. तो काढा म्हणतोच असं नाही." सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सव्विसावा अध्याय दडलेली शल्ये कशी ओळखावीत याविषयी आहे आणि सत्ताविसावा ती कशी काढावीत याविषयी, काढण्याचे उपायच पंधरा मोजले आहेत. मात्र त्याआधी तो शल्याची जी व्याख्या करतो ती परकेपणाची नाहीच. शरीराला जे पीडा देते ते शल्य. त्यामुळे शरीरात उपजलेली नखे, केस, दात, मल हेसुद्धा बिघडून पीडा देऊ लागले तर शल्यच ठरतात, आणि लोखंड, बांबू, लाकूड, शिंग हे बाहेरून आलेले. म्हणजे वस्तू कोठून आली याला महत्त्व दुय्यम. ती काय करते याला पहिले. इतकेच नव्हे, तर सोने, रुपे, तांबे, कथील, शिसे असे धातू फार काळ आत राहिले तर देहाच्या उष्णतेने विरून त्यात मिसळून जातात, असेही तो सांगतो.

धातू विरत नाहीत, हे आज आपल्याला ठाऊक आहे. आमच्या पाठीतला मिश्रधातू टायटॅनियमचा आहे. त्यात सुमारे सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असते. तो विरत नाही, गंजत नाही, आपल्याभोवती ऑक्साइडचा एक अतिपातळ पापुद्रा धरून असतो, आणि त्या पापुद्र्याला हाड परके मानीत नाही. स्वीडनचे ब्रोनेमार्क १९५२ मध्ये सशांच्या हाडातला रक्तप्रवाह पाहण्यासाठी टायटॅनियमच्या डब्या बसवीत होते. प्रयोग संपल्यावर त्या महागड्या डब्या काढून पुन्हा वापरायच्या होत्या. पण त्या निघेनात. हाड त्यांना चिकटून वाढले होते. दातांच्या आजच्या रोपणामागची सारी विद्या या न निघालेल्या डब्यांतून जन्माला आली. सुश्रुताचा तपशील चुकला, पण देह काही धातूंना आपलेसे करतो हा त्याचा तर्क वेगळ्या वाटेने खरा ठरला, असे म्हणायला हरकत नाही. 'इम्प्लांट'ला मराठीत 'रोपण' हा प्रतिशब्द ज्याने कोणी योजला त्याने तर बाजू स्पष्टच घेतली : रोप लावतात ते मूळ धरावे म्हणून, उपटण्यासाठी नव्हे.

मॅडमचा रोख मात्र याहून पुढच्या स्थळाकडे होता. शारीरस्थानात सुश्रुताने १०७ मर्मांची गणना केली आहे आणि आघाताच्या परिणामावरून त्यांचे पाच वर्ग पाडले आहेत. त्यांतला एक वर्ग 'विशल्यघ्न'. येथे शल्य रुतले तर माणूस जगतो. ते काढले की मरतो. आपोआप पिकून, आपल्या वेळेने गळून पडले तर मात्र पुन्हा जगतो. अशी मर्मे तीनच, आणि तिन्ही डोक्यावर. कण्याशी त्यांचा संबंध नाही. तरीही हा वर्ग वाचून आम्ही थबकलो. ज्या विद्येचे नावच काढण्यावरून पडले, तिने 'काढल्याने मरण' या शक्यतेसाठी एक स्वतंत्र शब्द घडवून ठेवला होता. आणि 'आपल्या वेळेने' या शब्दांत काळाचे भानही ठेवले होते. काढावे की नाही, यापेक्षा त्या वस्तूचे आत काम काय आहे आणि ते संपले आहे का, हा प्रश्न खरा, असे येथे प्रथम वाटले.

त्या प्रश्नाला नेमके रूप दिले ते आमच्या आतेभावाने. तो बांधकामाची कंत्राटे घेतो. पुस्तकांशी त्याचे सख्य नाही. आम्ही त्याला सांगत होतो की एक डॉक्टर या सळ्यांना परांचीची उपमा देतात : इमारत उभी राहिली की परांची उतरवायची. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "दादा, इमारतीत लोखंड दोन प्रकारचं असतं. स्लॅब भरताना खालून प्लेटा आणि टेकू लावतो ते सेंटरिंग. स्लॅब धरला की ते खोलायचंच, न खोललं तर लोक हसतील. आणि स्लॅबच्या पोटात जी सळई असते ती कधीच काढायची नाही, ती काढली तर स्लॅबच राहणार नाही. तुझ्या पाठीत यातलं काय घातलंय ते डॉक्टरला विचार. उपमा काय, कोणीपण देईल."

समीक्षेच्या वर्गात रूपकाविषयी इतके बोलूनही आम्ही ही फोड केली नसती. दोन डॉक्टरांनी दोन सल्ले दिले होते. ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांचे म्हणणे : त्रास नसेल तर ठेवा, दुसरी भूल, दुसरा रक्तस्राव, दुसरा जंतुसंसर्गाचा धोका कशाला? दुसऱ्यांचे म्हणणे : हाड भरले आहे, आता काढा. दोघेही अनुभवी, दोघेही सज्जन. आम्ही त्यांच्यातील मतभेद स्वभावाचा समजत होतो. जगभरातही तो तसाच पसरलेला आहे : जर्मन भाषकांच्या देशांत हाडातला धातू काढण्याची प्रथा जुनी, त्यासाठी त्यांच्याकडे 'मेटाल-एन्टफेर्नुंग' असा एकच भरभक्कम शब्दही आहे, अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये कल ठेवून देण्याकडे. आतेभावाचा प्रश्न घेऊन आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे परत गेलो आणि तो जसाच्या तसा विचारला.

"सर, हा प्रश्न विचारायला पाहिजे असा आहे," ते म्हणाले. मग त्यांनी जे समजावले ते असे. कण्याच्या काही शस्त्रक्रियांत दोन मणक्यांमध्ये हाडाचे तुकडे भरून त्यांना कायमचे एकसंध करतात. तेथे सांधा उरतच नाही. जोडणी झाली की धातू आत राहिला काय किंवा निघाला काय, त्या जागी हालचाल नाही. पण आमच्या पाठीत असे हाड भरलेले नाही. फुटलेला मणका आपापला सांधेपर्यंत त्याच्या वरचा आणि खालचा सांधा सळ्यांनी बांधून ठेवला आहे. म्हणजे दोन धडधाकट सांधे शेजाऱ्याच्या आजारपणासाठी कुलूपबंद आहेत. कुलूप फार काळ राहिले तर सांधे कुरकुरू लागतात, मधल्या चकत्या झिजतात. आणि दुसरीकडून, सांधे पूर्ण गोठलेले नसल्यामुळे ते सळ्यांना रोज थोडेथोडे वाकवीत राहतात. मिश्रधातू हाडापेक्षा पाच-सहा पट ताठर. तो वाकतो, पुन्हा सरळ होतो, आणि प्रत्येक वेळी थकतो.

'थकतो' हा शब्द त्यांचा. धातूचा थकवा. मराठी अभियांत्रिकीने येथे काव्य केले आहे की इंग्रजीचे भाषांतर, याच्या वादात न शिरता आम्ही घरी येऊन गणित मांडले. अशा जोडण्यांची प्रयोगशाळेत चाचणी घेतात तेव्हा त्या साधारण पन्नास लाख आवर्तनांपर्यंत दाबल्या जातात. दिवसाला पाच हजार पावले धरली तर वर्षाला अठरा लाखांच्या वर होतात. पन्नास लाखांचा हिशेब पावणेतीन वर्षांत पुरा. हे गणित भाबडे आहे हे खरे. चाचणीत मणक्यांऐवजी प्लॅस्टिकचे ठोकळे असतात आणि मधला मणका मुळी नाहीच असे धरून सारा भार धातूवर टाकतात. आमचा मधला मणका भरून आलेला आहे आणि भार तोच वाहतो. तरीही स्क्रू आतल्या आत तुटल्याची, सैल झाल्याची उदाहरणे वैद्यकाला परिचित आहेत, आणि तुटलेल्या स्क्रूचे टोक मणक्यातून काढणे हे आख्खा स्क्रू काढण्याइतके सोपे नसते. शिवाय युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम आहेच : हाड ज्या भाराखाली राहते त्याप्रमाणे स्वतःची घडण बदलते. धातूने भार अंगावर घेतला की हाडाला ताकद धरण्याचे कारण उरत नाही. सांभाळून घेणारा माणूस घरात फार दिवस राहिला की असे होते. वाचकांपैकी शिक्षकांना हे हाडाच्या उदाहरणाशिवायही पटेल.

ठेवण्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे, आणि ते आम्ही शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकले. "काढल्यावर दुखणं कमी होईलच, असं मी लिहून देणार नाही," ते म्हणाले. "तुमची पाठ तासभर उभं राहून शिकवल्यावर दुखते. स्क्रू नसलेल्यांचीही दुखते." यावर उत्तर नाही. काढल्यानंतर बऱ्याच रुग्णांना बरे वाटते असे अहवाल आहेत. पण काढायला येतात तेच मुळी ज्यांचे दुखते ते, तेव्हा त्या अहवालांवरून न दुखणाऱ्यांना सल्ला कसा द्यायचा? धातू निघाल्यावर कणा काही अंश पुढे वाकतो, सरळ केलेला कोन थोडा हातचा जातो. मणक्याने नव्हे, तर त्याच्या वरच्या चकतीने दगा दिल्यामुळे. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धाला हा व्यवहार परवडणार नाही. ज्याचा सांधा हाड भरून एकसंध केला आहे आणि ज्याला त्रास नाही, त्याने लोकांच्या "कधी काढणार?"ला भीक घालू नये, असे आमचेही मत झाले आहे. त्याच्या पाठीत आहे ती सळई. आमच्या पाठीत सेंटरिंग.

येथे भीष्मांची आठवण अपरिहार्य होती. शरशय्येवर पडलेल्या पितामहांकडे दुर्योधन शल्ये काढण्यात निष्णात असलेले वैद्य घेऊन येतो, आणि भीष्म त्यांचा सत्कार करून त्यांना परत पाठवायला सांगतात. क्षत्रियाला मिळावी ती गती मिळाली, आता वैद्यांचे काय काम? हा प्रसंग आम्ही वर्गात कितीदा तरी वैराग्याचा म्हणून शिकवला आहे. आता त्यातला स्थापत्याचा भाग दिसतो. ते बाण भीष्मांना टोचत नुसते नव्हते. त्यांनीच त्यांना जमिनीपासून वर उचलून धरले होते. शय्या होती ती बाणांचीच, आणि उशीसाठीही अर्जुनाने तीन बाणच दिले. ज्याच्यावर आपण निजलो आहोत ते शल्य काढायचे कसे? पण भीष्मांना उत्तरायणापर्यंतच पडून राहायचे होते. आम्हांस पुढच्या सत्रात 'रामायणा'वर दहा व्याख्याने द्यायची आहेत. त्या पर्वतावर विशल्यकरणी आणि संधानकरणी या दोन वनस्पती वेगवेगळ्या उगवल्या होत्या, शल्य काढणारी निराळी आणि मोडलेले सांधणारी निराळी, हे आता विद्यार्थ्यांना पूर्वीपेक्षा सावकाश सांगावे लागेल.

सीटी स्कॅनमध्ये मणका भरलेला दिसला. पुढे वाकून, मागे वाकून एक्स-रे काढले, त्यांत स्क्रूंभोवती सैलपणाच्या काळ्या कडा नाहीत. दोन्ही डॉक्टर फोनवर एकमेकांशी बोलले. पहिल्यांनी शेवटी एवढेच म्हटले, "काढायचेच असतील तर आत्ता, पाच वर्षांनी हाड स्क्रूच्या डोक्यावर चढलं की ते शोधण्यात वेळ जाईल." सूत्रस्थानाचा सव्विसावा अध्याय, आम्ही मनात म्हटले.

संमतीपत्र मराठीत आहे आणि बरे लिहिलेले आहे. त्यात एक वाक्य असे की स्क्रूचा एखादा भाग काढता न आल्यास तो आतच ठेवला जाईल. आम्ही त्याखाली सही केली. आईने विचारले, "म्हणजे एखादा राहिला तर?" आम्ही म्हटले, "राहिला तर राहिला, आई. दुखला नाही तर तो शल्य नव्हे." तिने यावर काही म्हटले नाही, डबा कोण आणणार, याची चौकशी केली.

काम तासा-दीड तासाचे, जुन्याच छेदांतून. त्यानंतर मणक्यांत स्क्रूंच्या जागी सहा भोके राहतील, प्रत्येक पाच-सहा मिलिमीटर रुंद आणि चार सेंटिमीटरच्या आसपास खोल. ती हाडाने भरून यायला महिने लागतात. तोवर ओझे उचलायचे नाही, वाकून काही घ्यायचे नाही, आणि बसमध्ये बसायचे ते पुढच्या चाकांच्या जवळ.